फौजी पेन्शन आणि इन्कम टॅक्स रिटर्न : नव्याने पेन्शनवर आलेल्यांसाठी

नोकरीत असेपर्यंत रिटर्नची फारशी चिंता नसते. युनिटमधला क्लार्क सांगतो, कुणीतरी भरून देतो, आपण ओटीपी सांगतो. पेन्शनवर घरी आलो की पहिल्याच जुलैत अडतो. खात्यात ग्रॅच्युइटी आलेली असते, कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदल्यात घेतलेली एकरकमी रक्कम) आलेलं असतं, रजेचे पैसे आलेले असतात, वर दरमहा पेन्शन. यातलं रिटर्नमध्ये काय दाखवायचं? गावात विचारलं तर एक म्हणतो, "फौजीला टॅक्स नसतो", दुसरा म्हणतो, "सगळंच करपात्र दाखव." दोघंही चुकीचं सांगतात.

मी स्वतः माजी सैनिक आहे. आता आमच्या भागातल्या पेन्शनरांची रिटर्न भरायला बसतो, तेव्हा दिसतं की बहुतेक गोंधळ पोर्टल उघडायच्या आधीच झालेला असतो. पैसा कशाचा आहे हे एकदा कळलं की फॉर्म अवघड नाही. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे असेसमेंट इयर २०२६-२७ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला असला तरी या वर्षाच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागतो, त्यामुळे खाली दिलेली कलमं जुनीच आहेत. पगार-पेन्शनवाल्यांची मुदत ३१ जुलै.

आधी हे जवळ घेऊन बसा

- पॅन आणि आधार (दोन्ही एकमेकांना जोडलेले, आधारला चालू मोबाइल नंबर)
- पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), त्यात दुरुस्ती झाली असेल तर सुधारित पीपीओसुद्धा
- 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या पोर्टलवरचा फॉर्म १६ (वर्षाचं उत्पन्न आणि कापलेला कर दाखवणारं प्रमाणपत्र) आणि वर्षभराच्या पेन्शन स्लिप
- दुसरी नोकरी असेल तर तिथला फॉर्म १६
- बँक, पोस्ट आणि पतसंस्थेची व्याजाची प्रमाणपत्रं
- डिसॅबिलिटी पेन्शन असेल तर मेडिकल बोर्डाचे आणि सेवामुक्तीचे कागद
- शेती असेल तर ऊसबिलं, बाजार समितीच्या पट्ट्या आणि खर्चाच्या पावत्या

१. पैशाची विभागणी करा

कोरा कागद घ्या आणि वर्षभरात सैन्याकडून आलेला प्रत्येक पैसा त्यावर वेगवेगळा लिहा. बँकेच्या नोंदीत सगळं 'पेन्शन' म्हणून येतं, कायद्याच्या दृष्टीने मात्र ते एक नाही.

दरमहाची सर्व्हिस पेन्शन आणि तिच्यावरची महागाई सवलत पूर्ण करपात्र आहे आणि ती 'पगार' या सदरात जाते. "आता पगार कुठे?" असं वाटेल, पण पेन्शन म्हणजे केलेल्या नोकरीचाच मोबदला, म्हणून ती तिथेच धरतात. याचा फायदाही आहे: पगाराला मिळणारी प्रमाणित वजावट, म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन, पेन्शनलाही मिळते. नव्या करप्रणालीत ती ७५,००० रुपये आहे, जुन्या प्रणालीत ५०,०००.

कम्युटेशनची एकरकमी रक्कम सैन्यदलांसाठी पूर्ण करमुक्त आहे, कलम १०(१०ए). ग्रॅच्युइटी करमुक्त. निवृत्तीच्या वेळी मिळालेले शिल्लक रजेचे पैसे करमुक्त. डीएसओपी किंवा एएफपीपी फंडाची (सेवेतल्या भविष्य निर्वाह निधीची) रक्कमही करमुक्त. पण याच पैशाची एफडी केली की तिचं व्याज दरवर्षी करपात्र होतं. सैन्यातून निवृत्त झालेल्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठऐवजी पन्नासाव्या वर्षापासून पैसे ठेवता येतात, ही चांगली सवलत आहे; तिचं तिमाही व्याज मात्र उत्पन्नात धरायचं असतं.

शौर्य पुरस्कार मिळालेल्यांसाठी कलम १०(१८) आहे. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र आणि सरकारने अधिसूचित केलेले अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र यांसारखे पुरस्कार ज्यांना मिळाले, त्यांची पेन्शनच करमुक्त आहे. पदकाबरोबर मिळणारा भत्ता तेवढा करमुक्त, अशी समजूत करून घेऊन उरलेल्या पेन्शनवर कर भरणारे लोक आहेत. तुमच्या घरात असा कुणी असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

डिसॅबिलिटी पेन्शनचा मुद्दा जास्त नाजूक आहे. अपंगत्वामुळे सेवेतून बोर्ड आउट झालेल्या (मेडिकल बोर्डाने सेवेस अयोग्य ठरवून घरी पाठवलेल्या) जवानाची डिसॅबिलिटी पेन्शन करमुक्त आहे आणि त्यात सर्व्हिस एलिमेंट (सेवेचा भाग) व डिसॅबिलिटी एलिमेंट (अपंगत्वाचा भाग) दोन्ही येतात. पूर्ण सेवा करून नेहमीसारखी निवृत्ती घेतलेल्या, पण डिसॅबिलिटी एलिमेंट मिळणाऱ्यांना ही सूट नाही, असं परिपत्रक केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २४ जून २०१९ ला काढलं. त्यावर माजी सैनिक न्यायालयात गेले आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. तुम्ही या दुसऱ्या गटात असाल तर शेजाऱ्याने सूट घेतली म्हणून आपणही घेऊ नका. आपल्या कागदांवर 'इन्व्हॅलिडेड आउट' (अपंगत्वामुळे सेवामुक्त) लिहिलंय की 'सुपरअ‍ॅन्युएशन' (नेहमीची निवृत्ती), ते आधी बघा आणि जाणत्या सीएला दाखवूनच ठरवा.

२. पासबुक बाजूला ठेवा, स्पर्शवरून कागद काढा

पासबुकातल्या बारा नोंदींची बेरीज करून तीच पेन्शन म्हणून दाखवणं ही फार जणांची सवय. बेरीज बरोबर असली तरी आकडा चुकीचा येतो, कारण टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापून गेलेला असतो आणि करासाठी कापणीच्या आधीची रक्कम धरायची असते.

पेन्शन स्लिप कशी वाचायची ते उदाहरणाने सांगतो. मूळ पेन्शन २४,००० रुपये. निम्मी कम्यूट केली, म्हणून १२,००० वजा. महागाई सवलत मात्र पूर्ण २४,००० वर मिळते. जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्के दराने ती १३,९२० होते. म्हणजे महिन्याचा आकडा २५,९२०, आणि करपात्रही तेवढाच. कम्यूट केलेला भाग तुम्ही आधीच घेतलेला आहे आणि तो करमुक्त आहे, तो परत उत्पन्नात मिळवायचा नाही. टीडीएस कापला असेल तर खात्यात २५,९२० पेक्षा कमी दिसतील, पण रिटर्नमध्ये २५,९२० हाच हिशेब. पंधरा वर्षांनी कम्युटेशनचा भाग परत सुरू होतो तेव्हा करपात्र पेन्शनही तेवढी वाढते. त्या वर्षी जुन्या रिटर्नची नक्कल करू नका.

फॉर्म १६ प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन या कार्यालयाकडून स्पर्श पोर्टलवर येतो. लॉगिनचा पासवर्ड विसरला असेल किंवा मोबाइल नंबर बदलला असेल तर ते काम जुलैच्या शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका. जवळच्या स्पर्श सेवा केंद्रात जाऊन मे-जूनमध्येच उरकून घ्या.

ज्या वर्षी तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षी दोन फॉर्म १६ असतात. एक सेवेतल्या पगाराचा: जवानांचा आपापल्या पे अकाउंट्स ऑफिसकडून (मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचा बेळगावहून), लष्करी अधिकाऱ्यांचा पुण्याच्या पीसीडीए ऑफिसर्सकडून. दुसरा पेन्शनचा. दोन्ही लागतात.

३. पोर्टलवरच्या आकड्यांशी ताळा करा

आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून दोन गोष्टी डाउनलोड करा: फॉर्म २६एएस आणि एआयएस (वार्षिक माहिती विवरण). २६एएसमध्ये तुमच्या पॅनवर कुणी किती टीडीएस भरला ते दिसतं. एआयएसमध्ये त्याहून बरंच काही असतं: सगळ्या बँकांचं व्याज, म्युच्युअल फंडाची विक्री, जमिनीचा व्यवहार. गावच्या पतसंस्थेतलं व्याज तिथे दिसलं नाही तरी ते उत्पन्नच आहे. आणि एआयएसमध्ये तुमचा नसलेला आकडा आला असेल तर तिथेच 'फीडबॅक' देऊन हरकत नोंदवता येते.

४. दुसरी नोकरी : इथे सर्वात जास्त लोक अडकतात

आपल्याकडचा जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो आणि बँकेत, डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोरमध्ये), पोलिसात किंवा एखाद्या कंपनीत दुसरी नोकरी धरतो. म्हणजे उत्पन्न देणारे दोन झाले, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो.

समजा पेन्शन वर्षाला ४,२०,००० आहे. स्पर्शने ७५,००० वजा केले, उरले ३,४५,०००. चार लाखांच्या आत, म्हणून टीडीएस शून्य. नोकरीचा पगार ९,६०,०००. तिथेही ७५,००० वजा झाले, उरले ८,८५,०००. नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत कलम ८७ए ची सूट, म्हणून तिथेही टीडीएस शून्य. वर्षभर एक रुपया कापला गेला नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त.

आता कायद्याने धरायचा हिशेब बघा. दोन्ही मिळून १३,८०,०००. प्रमाणित वजावट एकदाच, म्हणून करपात्र उत्पन्न १३,०५,०००. बारा लाखांच्या वर गेल्यामुळे ८७ए ची सूट गेली. चार ते आठ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००. आठ ते बारावर १० टक्के म्हणजे ४०,०००. वरच्या १,०५,००० वर १५ टक्के म्हणजे १५,७५०. एकूण ७५,७५०, त्यावर ४ टक्के सेस मिळून ७८,७८० रुपये. वर अ‍ॅडव्हान्स टॅक्स न भरल्याचं कलम २३४बी आणि २३४सी खालचं व्याज. जुलैत ही रक्कम एकदम समोर आली की घरखर्चाची घडी विस्कटते.

उपाय सोपा आहे, पण तो एप्रिलमध्ये करायचा असतो. नव्या मालकाकडे फॉर्म १२बी भरून पेन्शनचा आकडा द्या, म्हणजे तो दोन्ही मिळून टीडीएस कापतो. ते जमलं नाही तर वर्षाचा अंदाज काढून अ‍ॅडव्हान्स टॅक्सचे हप्ते स्वतः भरा: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. आणि रिटर्न भरताना दोन्ही फॉर्म १६ मधली ७५,००० ची वजावट दोनदा येत नाही ना, ते स्वतः तपासा.

५. फॉर्म कोणता? शेतीकडे बघून ठरवा

पेन्शन, पगार, घर आणि व्याज एवढंच असेल आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर आयटीआर-१. पण या फॉर्ममध्ये शेतीचं उत्पन्न फक्त ५,००० रुपयांपर्यंतच चालतं. अपशिंगे मिलिटरी असो की सैनिक टाकळी, आपल्या फौजी गावांत जमीन नसलेला पेन्शनर कमीच. उसाचं बिल बँकेत जमा होतं आणि खर्च वजा जाता ५,००० च्या वर सहज उरतात. मग आयटीआर-२ भरायचा. शेतीवर कर नाही हे खरं, तरी उत्पन्न दाखवावं लागतं आणि उरलेल्या उत्पन्नाचा कर मोजताना ते हिशेबात धरतात. निव्वळ शेती उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, जिरायत की बागायत, स्वतःची की खंडाने, हेही विचारतात. सातबारा जवळ ठेवा.

स्वतःची सिक्युरिटी एजन्सी, दुकान किंवा टेम्पो असेल तर तो धंदा झाला. त्याचे फॉर्म वेगळे, ते इथे घेत नाही.

६. जुनी प्रणाली की नवी

नवी प्रणाली आपोआप लागते. फक्त पेन्शन आणि थोडं व्याज असलेल्या बहुतेक पेन्शनरांना तीच बरी पडते: प्रमाणित वजावट धरून १२,७५,००० पर्यंतच्या पेन्शनवर कर शून्य होतो. गृहकर्ज मोठं असेल, आरोग्य विमा आणि ८०सी ची गुंतवणूक असेल, तर पोर्टलवर दोन्ही हिशेब करून बघा. साठीच्या पुढच्यांना जुन्या प्रणालीत ८०टीटीबी खाली ५०,००० पर्यंतचं व्याज वजा मिळतं. नव्यात ते मिळत नाही. जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीतच गेलं पाहिजे. उशीर झाला की नवीच लागते.

कर शून्य येतो म्हणून रिटर्न नको, असं मात्र समजू नका. उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर ते भरावंच लागतं. निवृत्तीच्या वर्षी बचत खात्यांत मिळून ५० लाख किंवा जास्त जमा झाले असतील तर उत्पन्न कितीही असो, रिटर्न भरणं आवश्यक आहे. हे अधिकाऱ्यांच्या बाबतीत सहज होतं.

७. थकबाकी आली असेल तर आधी फॉर्म १०ई

ओआरओपी ('वन रँक वन पेन्शन') १ जुलै २०१४ पासून लागू झालं, नंतर २०१९ आणि २०२४ च्या जुलैपासून पेन्शन पुन्हा ठरली. प्रत्येक वेळी मागच्या वर्षांचे एरियर्स एकदम किंवा हप्त्यांनी आले. डिसॅबिलिटीचा दावा आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलमध्ये जिंकलेल्यांना तर कित्येक वर्षांची रक्कम एकत्र मिळते. पैसा मागच्या वर्षांचा असला तरी तो हातात आला त्या वर्षी उत्पन्नात धरला जातो, आणि माणूस विनाकारण वरच्या टप्प्यात जातो.

यासाठी कलम ८९ ची सवलत आहे. कोणत्या वर्षाचे किती एरियर्स हे दाखवणारा तक्ता घ्या, त्या त्या वर्षीचं करपात्र उत्पन्न जुन्या रिटर्नवरून काढा आणि पोर्टलवर फॉर्म १०ई भरा. क्रम महत्त्वाचा आहे: १०ई आधी, रिटर्न नंतर. १०ई न भरता रिटर्नमध्ये सवलत मागितली तर ती नाकारून कराची मागणी येते. ही सवलत नव्या प्रणालीतही मिळते, ती सोडू नका.

८. आता फॉर्म भरा

'नेचर ऑफ एम्प्लॉयमेंट'च्या यादीत 'पेन्शनर्स – सीजी' निवडा. 'सेंट्रल गव्हर्नमेंट' हा पर्याय सेवेत असलेल्यांचा आहे. पेन्शन देणाऱ्याचं नाव आणि टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) फॉर्म १६ वरून घ्या. पेन्शनचा आकडा आधीच भरलेला दिसेल. तो फॉर्म १६ शी जुळतो का बघा, नसेल तर बदला. टीडीएस शून्य असल्यामुळे रकाना रिकामा आला असेल तर पेन्शन स्वतः लिहा.

करमुक्त पेन्शन गाळून टाकायची नाही. 'एक्झेम्प्ट इन्कम'च्या यादीत कलम १०(१८), कलम १०(१९) (ते पुढे मुद्दा ९ मध्ये) आणि डिफेन्स मेडिकल डिसॅबिलिटी पेन्शन असे वेगळे पर्याय आहेत, तिथे ती दाखवा. तीच रक्कम पगारात परत येऊ देऊ नका. परताव्याचं खातं पोर्टलवर आधी व्हॅलिडेट करून ठेवा. नावाचं स्पेलिंग बँकेत आणि पॅनवर वेगळं असलं की तिथे अडतं. फौजेच्या कागदांत आडनाव नसणं, वडिलांचं नाव मध्ये नसणं हे आपल्याकडे नेहमीचं आहे, म्हणून हे लवकर तपासा.

९. वहिनींची पेन्शन वेगळी असते

साहेब गेल्यावर पत्नीला मिळणारी कुटुंब पेन्शन 'पगार' नाही, ती 'इतर उत्पन्न' या सदरात जाते. तिला ७५,००० ची प्रमाणित वजावट नाही. तिथे पेन्शनचा एक तृतीयांश किंवा २५,००० यातली कमी रक्कम वजा मिळते. जुन्या प्रणालीत हीच मर्यादा १५,००० आहे. नोकरीच्या रकान्यात 'नॉट अ‍ॅप्लिकेबल' निवडायचं. या पेन्शनवर पगारासारखा टीडीएस कापला जात नाही, म्हणून "बँकेने कापलं असेल" या भरवशावर राहू नये.

मृत्यू वर्षाच्या मध्ये झाला असेल तर दोन रिटर्न होतात. त्यांच्या पॅनवर मृत्यूपर्यंतच्या पेन्शनचं, जे पत्नीने पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून भरायचं; आणि स्वतःच्या पॅनवर कुटुंब पेन्शनचं. कित्येक घरांत बाईंच्या नावाचं पॅनच आधारला जोडलेलं नसतं. भावांनो, हे आपल्या हयातीत करून ठेवा.

कारवाईत वीरमरण आलेल्यांच्या कुटुंबाची पेन्शन कलम १०(१९) खाली पूर्ण करमुक्त आहे. कुणी त्या माउलीकडून कर भरून घेत असेल तर तिला घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

१०. "परतावा काढून देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा

कापलेला सगळा टीडीएस परत आणून देतो, त्यातला अमुक टक्का माझा, असं सांगणारे फौजींना खास गाठतात. ते तुमच्या नावावर न दिलेली राजकीय देणगी, न भरलेलं घरभाडं, नसलेलं अपंगत्व दाखवतात. पैसे येतात, आणि पुढे नोटीसही येते. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा मध्यस्थांवर देशभर छापे घातले. खोट्या माहितीवर चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो, आणि तो तुम्हाला होतो. एजंट तोवर मोबाइल नंबर बदलून गेलेला असतो. रिटर्न कुणीही भरून देवो, 'सबमिट' करण्याआधी प्रत्येक वजावटीचा आकडा आपण वाचायचा आणि तिचा कागद आपल्याकडे आहे का ते बघायचं. आयकराचा पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल स्वतःचाच ठेवा.

११. ई-व्हेरिफाय, आणि नंतर

सबमिट केल्यापासून ३० दिवसांत आधार ओटीपीने किंवा नेट बँकिंगने ई-व्हेरिफाय करा. जमत नसेल तर आयटीआर-व्ही (रिटर्नची पोच) सही करून बेंगळुरूच्या सीपीसीला (रिटर्न तपासणाऱ्या केंद्राला) पोस्टाने पाठवा. व्हेरिफाय न झालेलं रिटर्न भरलेलंच नाही असं धरतात.

३१ जुलै चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं, ५,००० रुपये शुल्क देऊन. एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००.

काही दिवसांनी ईमेलवर कलम १४३(१) ची सूचना येते. ती नोटीस समजून घाबरू नका, पण न वाचता सोडूही नका. डावीकडे तुम्ही दिलेले आकडे असतात, उजवीकडे खात्याने धरलेले. दोन्ही सारखे असतील तर काम झालं. फरक पेन्शनच्या ओळीत असेल तर फॉर्म १६, टीडीएसच्या ओळीत असेल तर २६एएस, आणि कलम ८९ च्या ओळीत असेल तर १०ई ची पोच काढून बघा. मागणी चुकीची असेल तर पोर्टलवर 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड'मध्ये जाऊन असहमती नोंदवा, आणि चूक आपली असेल तर सुधारित रिटर्न भरा.